धाकट्या पातीची कैफियत

मी माझ्या आईवडिलांचा दुसरा मुलगा. हे मी ओळख म्हणून सांगत नाही, कैफियत म्हणून सांगतोय. दादाचे शर्ट, दादाची पुस्तकं आणि दादाच्या मार्कांची आठवण, एवढी इस्टेट माझ्या वाट्याला आली. शर्ट ढगळ व्हायचे, आठवण त्याहून ढगळ. शाळेत मास्तर हजेरी घेताना चष्म्यावरून बघून विचारीत, "तू त्याचा भाऊ का रे?" आणि पहिली चाचणी झाली की, "सख्खा?"

ही वंशावळ आठवायला कारण झालं एक कार्टून. २०२० साली आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि आमचा पाहुणचार बेमुदत वाढला. मे महिन्यात तिथल्या नेटफ्लिक्सवर 'अवतार : द लास्ट एअरबेंडर' ही मालिका आली. अवतार म्हटल्यावर आमची ही पदर सावरून, मत्स्य-कूर्माची वाट बघत बसली. पडद्यावर आला बारा वर्षांचा, कपाळावर निळा बाण रंगवलेला टकलू पोरगा. "नुकतीच मुंज झालेली दिसतेय," ही म्हणाली आणि तिथंच त्या आंगला तिनं मांडीवर घेतला.

पाणी, पृथ्वी, अग्नी, वायू अशी चार राष्ट्रं. चारही तत्त्वं वळवू शकणारा एकच, तो अवतार. आंग शंभर वर्षं बर्फात गोठलेला, तेवढ्यात अग्निराष्ट्रानं जग पेटवून दिलेलं. २००५ ते २००८ अशी तीन वर्षं, एकसष्ट भाग. आधी पाणी, मग पृथ्वी, मग अग्नी. पहिल्या भागात उधळलेला दाणा शेवटी बरोबर उगवतो. त्यात तो आयरोकाका! अख्खं युद्ध चाललंय आणि गृहस्थ चहा नीट उकळला नाही म्हणून हळहळतो. असा माणूस परका कसा वाटेल?

ऑगस्टमध्ये याच मालिकेचं धाकटं भावंड आलं, 'द लेजंड ऑफ कोरा', आणि घरात उभी फूट पडली. नातू चौदा वर्षांचा, तो आंगचा. नात नऊ वर्षांची, ती कोराची. नात धाकटी, हे सांगायला नकोच. "कोरा भांडखोर आहे," असं नातवानं म्हणायचं आणि नातीनं उशी फेकून ते सिद्ध करायचं. पंच म्हणून मला बसवलं. मी आधीच फितूर झालो होतो, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

पण पंचाला पुरावा तपासावा लागतो. थोरल्याला तीन पर्वांची सलग गोष्ट सांगता आली. धाकटीला आधी मिळाले फक्त बारा भाग. म्हणून २०१२ साली मायकेल डिमार्टिनो आणि ब्रायन कोनीट्झ्को या दोघा जनकांनी सगळा प्रपंच बारा भागांतच आवरला. शेवटी कोराची गेलेली विद्या आंगचा आत्मा येऊन परत देतो. नातू म्हणाला, "हे चीटिंग आहे." आहेच. पण उद्या दुकान बंद होणार असं सांगितलेला वाणी पुड्या नीट बांधत बसत नाही. पुढं पर्वं वाढत बावन्न भाग झाले खरे, पण २०१४ साली तिसरं पर्व अर्ध्यात टीव्हीवरून उचललं आणि उरलेलं इंटरनेटवर टाकलं. चौथ्या पर्वाचे पैसे कापले, तेव्हा एका भागात जुनीच दृश्यं पुन्हा चिकटवावी लागली. धाकट्याला जुने शर्ट, ही रीत अमेरिकेतही आहे म्हणायची.

दुसरं पर्व मात्र मलाही फिकंच वाटलं; शेवटी दोन प्रचंड भुतांची कुस्ती लागते, तेव्हा मी डुलकी काढली. पण त्याच पर्वात एक गोष्ट आहे, तिनं माझी झोप उडवली. आंगला तीन मुलं : बुमी, काया आणि टेन्झिन. वायू वळवता येतो तो फक्त टेन्झिनला. म्हणून बाप सहलींना न्यायचा तो टेन्झिनला. वायुमंदिरातल्या शिष्यांना तर आंगला आणखी दोन मुलं आहेत, याचाच पत्ता नसतो!

"आंग असं करणारच नाही!" नातू चिडून उठून गेला. आंगला ज्यांनी जीव लावला होता त्यांना हे झोंबणारच. मी गप्प बसलो. आमचे अण्णा दर गणेशोत्सवात दादाला गाण्यांच्या बैठकींना न्यायचे, कारण दादाला गळा होता. मी उंबऱ्यावर. हे सगळं धाकटेपणामुळं, असं मी साठ वर्षं धरून चाललो होतो. पण इथं लाडका टेन्झिन शेंडेफळ आणि उंबऱ्यावर दोन थोरली! माझा अख्खा खटलाच निकालात निघाला.

आणि आंगचं तरी काय चुकलं? सगळी जमात संपलेली, हातात एकच दिवा. तो विझू नये म्हणून बाप त्याच्याभोवती ओंजळ धरून बसला. अण्णांनी नोकरीपायी स्वतःचं गाणं सोडलं होतं, हे मला माहीत होतं. एकत्र मांडून मात्र कधी पाहिलं नव्हतं. थोरल्या मालिकेत हे येणं शक्यच नव्हतं. तिथं आंग बारा वर्षांचा होता.

चौथ्या पर्वात विषबाधेनं मोडलेली कोरा तीन वर्षं स्वतःला सावरत असते. आधीच्या अवतारांशी धागा तुटलेला, सल्ला द्यायला कुणी नाही. म्हातारी टॉफ टोमणे मारून तिला उठवते, पण अंगात राहिलेलं विष काढायचं ते कोरालाच. नात त्या वेळी माझा अंगठा घट्ट धरून बसली होती.

त्या रात्री, म्हणजे पुण्यात सकाळी, मी दादाला फोन केला. त्या बैठकींचा विषय काढला.

"अरे, कसल्या बैठकी!" दादा म्हणाला. "मला झोप अनावर व्हायची. डोळा लागला की अण्णा मांडीला चिमटा काढायचे. तू मात्र घरी आईबरोबर पत्ते कुटायचास. येताना रस्ताभर वाटायचं, आज कोण जिंकलं असेल?"

"मीच जिंकायचो," मी म्हणालो.

"आई हरायची मुद्दाम," दादा म्हणाला, आणि मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.