एका आण्याचा हिशेब

मालवणी मुलखांत गांवच्या देवळांत मानकरी देवापुढें उभा राहून गाऱ्हाणें घालतो. या एकाच शब्दांत दोन अर्थ नांदतात: देवाजवळ केलेली प्रार्थना आणि सत्तेजवळ नेलेली तक्रार. ज्याच्या हातीं सामर्थ्य आहे त्याला विचारण्याचा आपणांस हक्क आहे, ही समजूत या किनाऱ्यावर जुनी आहे. परंतु देव गाऱ्हाणें आपण होऊन ऐकतो. राज्यकारभारानें तें ऐकावें यासाठीं कायदा लागतो, हिशेब लागतो आणि हिशेब विचारणारा माणूस लागतो. या तीन गोष्टी एकत्र येण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं.

या इतिहासाचा आरंभ एका आण्यापासून होतो. मुंबई इलाख्यांत १८६३ सालापासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागें एक आणा जादा पट्टी बसविण्यास सुरुवात झाली आणि १८६९ सालीं तिला कायद्याचें रूप आलें. हाच लोकल फंड. या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा शाळांकडे आणि उरलेला मुख्यतः रस्त्यांकडे व इतर लोकोपयोगी कामांकडे जाई. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हां नव्हता. मालवण, देवगड, वेंगुर्लें हा किनारा रत्नागिरी जिल्ह्यांत मोडे आणि सावंतवाडीचें संस्थान निराळें होतें. पैसा रयतेचा; पण खर्च ठरविणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष कलेक्टर आणि सभासद बहुशः सरकारनियुक्त. खोती गांवांतील कुळाचा तर सरकारशीं थेट संबंधहि येत नसे. मध्यें खोत उभा असे. आणा कोठें गेला हें त्यानें विचारावें तरी कोणाला?

१८८२ साल या दृष्टीनें फार महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं ता. १८ मे रोजीं लॉर्ड रिपन यांच्या सरकारनें स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव केला. कारभार लगेच सुधारेल ही आशा त्यांत प्रधान नव्हती; लोकांना राजकीय शिक्षण मिळावें हा हेतु प्रधान होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर शिक्षण कमिशनपुढें आपलें निवेदन ठेविलें. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या कष्टांतून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, असा त्यांचा रोखठोक आक्षेप होता. कारभार कोणीं करावा हा एक प्रश्न, आणि तो कोणाच्या उपयोगीं पडतो हा दुसरा. पुढील सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवतीं फिरतो.

१८८४ च्या कायद्यानें जिल्हा व तालुका लोकलबोर्डें निघालीं आणि त्यांत निवडलेले सभासद येऊं लागले. १९१९ च्या सुधारणांनीं स्थानिक स्वराज्य हें सोंपीव खातें होऊन मंत्र्याकडे आलें, आणि १९२३ सालीं प्राथमिक शाळा लोकलबोर्डांच्या स्वाधीन करण्याचा कायदा झाला. शाळा आणि विहीर हीं आतां लोकांच्या प्रतिनिधींच्या हातीं आलीं. पण लोक म्हणजे कोण? पट्टी सर्वांकडून येई, पाणवठा मात्र सर्वांचा नव्हता.

ता. ४ ऑगस्ट १९२३ रोजीं सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कायदेकौन्सिलांत एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, धर्मशाळा, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मोकळे असावेत, असा त्याचा आशय होता. ११ सप्टेंबरला सरकारनें आपल्या खात्यांस तशा सूचना दिल्या. कागद झाला, विहिरी बहुतेक ठिकाणीं होत्या तशाच राहिल्या. तेव्हां ता. ५ ऑगस्ट १९२६ रोजीं बोले यांनीं दुसरा ठराव आणला: जी म्युनिसिपालिटी वा जें बोर्ड हें धोरण अमलांत आणणार नाहीं, त्याचें सरकारी अनुदान बंद करावें. स्थानिक संस्थेला तिच्या पैशाच्या वाटेनें जाब विचारण्याचा हा मार्ग आजहि अभ्यासण्याजोगा आहे. तरीहि तेवढ्यानें भागलें नाहीं. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केल्याचा ठराव केला होता. पण त्यांतील पाणी ओंजळींत आलें तें ता. २० मार्च १९२७ रोजीं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह स्वतः तळ्यावर गेले तेव्हां.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलें. १९४८ सालीं सावंतवाडी संस्थान विलीन झालें, १९४९ च्या कायद्यानें खोती गेली, आणि प्रत्येक प्रौढास मत मिळालें. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून ता. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ता. १ मे १९८१ रोजीं सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यामुळें मालवणच्या माणसाला शाळेची वा दवाखान्याची तक्रार घेऊन रत्नागिरी गांठण्याचें कारण उरलें नाहीं. कारभार ओरोसपर्यंत आला.

कोकणांत हें अंतर लहान मानतां येत नाहीं. येथील गांव एका ठिकाणीं वसत नाहीं. तें वाड्यावाड्यांत विखुरलेलें असतें. दोन वाड्यांमध्यें वहाळ असतो, आणि पावसाळ्यांत सांकव नसेल तर मुलाची शाळा बुडते व आजाऱ्याचा दवाखाना दुरावतो. अशा मुलखांत सांकवाचें काम कोणत्या वर्षीं मंजूर झालें, पैसे कधीं आले आणि काम कां थांबलें, हें विचारणें म्हणजे राजकारणाची हौस नव्हे. त्यासाठीं साधनें आहेत. वर्षांतून किमान चार ग्रामसभा व्हाव्यात असा कायदा आहे. परिषदेच्या सभेंत सभासद अधिकाऱ्यांस प्रश्न विचारतात. लोकल फंडाच्या हिशेबतपासणीचा कायदा १९३० पासूनचा आहे. विधिमंडळाची पंचायत राज समिति ते अहवाल पुढें ठेवून अधिकाऱ्यांची साक्ष घेते. आणि २००५ पासून माहितीचा अधिकार कोणाहि नागरिकास आहे. लोकांनीं मनावर घेतलें तर काय होतें हें २०१६ सालीं दिसलें. त्या वर्षीं केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छता सर्वेक्षणांत मैदानी गटांतील सर्वांत स्वच्छ जिल्हा म्हणून सिंधुदुर्गाची निवड झाली.

परंतु विचारणारा निवडलेलाच नसेल तर? त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ति ता. २४ एप्रिल १९९३ रोजीं अमलांत आली. पंचायतीची मुदत पांच वर्षांची असून ती संपण्यापूर्वींच निवडणूक व्हावी, असें ती सांगते. तरी मार्च २०२२ मध्यें सिंधुदुर्गासह अनेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, कारभार प्रशासकांकडे गेला, आणि आरक्षण व प्रभागरचना यांच्या वादांत निवडणुका लांबत गेल्या. सर्वोच्च न्यायालयानें ता. ६ मे २०२५ रोजीं त्या चार महिन्यांत घेण्याचा आदेश दिला, तेव्हां तीन वर्षें उलटलीं होतीं. या काळांत कामें अगदींच बंद पडलीं असें नाहीं. अधिकारी होते, पैसाहि येत होता. सभागृहांत उभें राहून आपल्या वाडीच्या सांकवाविषयीं विचारणारा सभासद तेवढा नव्हता. दीडशें वर्षांपूर्वीं कलेक्टरच्या कमिटीसमोर रयतेची जी स्थिति होती, तिच्याशीं या स्थितीचें साम्य सुज्ञांच्या ध्यानांत येईल.

एका आण्याची ती पट्टी इतिहासजमा झाली. तिच्या जागीं कर आणि अनुदानें आलीं. शहरांतील सुशिक्षित कुटुंबांपैकीं कित्येकांचें मूळ घर याच वाड्यांत आहे आणि गणपतीला तीं तेथें जातात. त्या चार दिवसांत सांकवाची चौकशी करणें, आणि ग्रामसभेचें इतिवृत्त मागून वाचणें, एवढें तरी त्यांना सहज करतां येण्यासारखें आहे.