मेथीचा ट्रे आणि वडाचं रोप

गेल्या थंडीत बाल्कनीतल्या ट्रेमध्ये मेथी पेरली होती. दाणे रात्रभर भिजवले, सकाळी मातीवर पसरले, वरून मूठभर माती भुरभुरवली. चौथ्या दिवशी हिरवे ठिपके दिसायला लागले आणि महिन्याच्या आत एका वेळची भाजी निघाली. लसूण-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. घरच्या मेथीचं कौतुक सगळ्यांना फोन करून सांगून झालं, त्यामुळे नातेवाईक वाचकांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल!

तर त्याच ट्रेच्या कोपऱ्यात, मी न पेरलेलं एक रोप उगवलं. जाडसर, गोलसर पानं, मोडलं तर पांढरा चीक. पिंपळ नव्हे, कारण पानाला ती लांब शेपटी नव्हती. वड होता. कुठल्या तरी पक्ष्याने पिकलेलं फळ खाऊन बाल्कनीच्या कठड्यावर बसून केलेली ती पेरणी. "आत्ताच उपटून टाका, भिंतीत मुळं गेली तर बिल्डिंगला तडे जातील," असं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी बजावलं. त्यांचं काही चूक नव्हतं. मी ते रोप मातीसकट उचलून तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलं आणि तेव्हापासून डोक्यात या दोन झाडांची तुलना सुरू आहे.

मेथीचं सगळं कसं आटोपशीर. मुळं वरच्यावर, त्यामुळे वीतभर खोल माती पुरते. पाण्याचा निचरा हवा, पण चार-पाच दिवसांनी पाणी हवंच. थंडी मानवते, उन्हाळ्यात लवकर फुलोऱ्यावर येते आणि पानं कमी मिळतात. कडधान्याच्या कुळातली असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्रही देते. मात्र हिला रोज बघणारं माणूस लागतं. खुरपायला उशीर झाला की तण वर चढतं, काढायला आठवडा उशीर झाला की पानं जून होतात. शेतकऱ्याला तर आणखी एक धास्ती असते, बाजाराची. जुडीचा भाव पडला की काढणीची मजुरीही सुटत नाही आणि उभ्या वाफ्यात शेळ्या सोडाव्या लागतात.

वडाचं उलट. पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि गुरांपासून राखण, एवढंच काय ते मागणं. मनगटापेक्षा जाड फांदी पावसाळ्यात रोवली तरी ती फुटते. नंतर दुष्काळ येवो, मुरमाड जमीन असो, तो तग धरतो. पण त्याला एक गोष्ट भरपूर लागते, ती म्हणजे जागा. पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांचे खांब होतात आणि झाड पुढे सरकत राहतं. हावड्याजवळ शिवपूरच्या वनस्पती उद्यानातला वड अडीचशेहून अधिक वर्षांचा आहे. बुरशी लागल्यामुळे त्याचं मूळ खोड १९२५ साली काढून टाकावं लागलं, तरी झाड पारंब्यांवर उभं राहिलं आणि वाढत राहिलं. त्याने तीन एकरांहून जास्त जागा व्यापली आहे. मेथीला ट्रे पुरतो!

उपयोगाचंही तसंच. मेथी घरात येते. भाजी, ठेपले, मेथांबा, मेतकूट, लोणच्याचा मसाला, बाळंतिणीचे लाडू. वडाचा उपयोग मात्र घराबाहेर. त्याच्या पानांच्या पत्रावळी होत, चीक टाचांच्या भेगांना लावत, पारंब्यांना पोरं लोंबकळत. पण खरी वस्तू म्हणजे सावली, आणि ती जुडी बांधून घरी आणता येत नाही. तिच्याखाली जाऊन बसावं लागतं, आणि तिथे आधीच कुणीतरी बसलेलं असतं.

या फरकामुळेच असेल, इतिहासात दोघांची नोंदही वेगवेगळ्या ठिकाणी सापडते.

मेथी फार जुनी. इ.स.पू. चौदाव्या शतकातल्या तुतनखामनच्या थडग्यातही तिचे दाणे मिळाले आहेत. रोमन लोकांना ती गुरांचा चारा म्हणून माहीत होती, आणि तिच्या शास्त्रीय नावातल्या लॅटिन शब्दांचा अर्थच मुळी 'ग्रीक गवत'. युद्धाच्या इतिहासात ती एकदा येते, तीही गंमतशीर कारणाने. इ.स. ६७ मध्ये रोमन सैन्याने गॅलिलीतल्या जोटापाटा या गावाला वेढा घातला. तटावर चढायला शत्रूने फळ्या टाकल्या, तर आतल्या लोकांनी त्यांवर शिजवलेली मेथी ओतली. तिच्या बुळबुळीतपणामुळे सैनिक घसरून पडले. हे लिहून ठेवणारा जोसीफस त्या वेढ्यात गावाचाच सेनानी होता. (रात्रभर मेथीदाणे भिजवून ठेवणाऱ्यांना यात अशक्य काही वाटणार नाही.) पण रोजच्या जेवणातली मेथी कोण लिहून ठेवणार? ती एका बाईच्या हातून दुसरीच्या हातात गेली.

वड मात्र राजाच्या लेखात आहे. अशोकाने इ.स.पू. तिसऱ्या शतकात आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवलं आहे की त्याने रस्त्यांवर वड लावले, माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून. जनावरांना, हे मला फार आवडतं. शिवाय आधीच्या राजांनीही अशी कामं केली होती, असं तो मोकळेपणाने सांगतो. हा लेख असलेला स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपऱ्याहून दिल्लीला आणला आणि त्याची लिपी १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने उलगडली. मधल्या काळात वडाची सावली घेणाऱ्यांना तो लेख वाचता येत नव्हता. त्याने काही बिघडलं नाही.

पुढेही वड भेटतो तो असाच चारचौघांत. त्याच्याखाली बसून व्यापार करणाऱ्या वाण्यांवरून युरोपीय प्रवाशांनी त्याला 'बनियन' नाव दिलं. मुंबईत १८५० च्या दशकात शेअर दलाल टाउन हॉलसमोर, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या परिसरात, वडाखाली जमत. १८७५ साली त्यांची रीतसर संघटना झाली. गावोगावचे पार तर सांगायलाच नकोत.

आणि आपल्याकडचा एक दाखला. रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या सुमाराच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड तोडण्याबद्दल सूचना आहे. आंबा, फणसासारखी झाडंही कामाची, पण त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या पोरांसारखी वाढवलेली असतात. झाड अगदी जीर्ण असेल तरच, मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्यावं. ती झाडं रयतेची होती, म्हणून मालकाचं मन राखायचं. पण रस्त्यावरच्या वडाला मालक कुठे असतो? त्याच्या वतीने राजी-नाराजी कोण सांगणार?

हे सगळं मला त्या डब्यातल्या रोपामुळे सुचलं. रोप घेऊन जायला जागा शोधली तेव्हा गावाकडच्या काकांना आधी विचारलं. ते म्हणाले, "बांधावर नको गं. सावलीखाली काही पिकत नाही, मेथीसुद्धा नाही." सोसायटीला भिंतीची काळजी. रस्त्याकडेला लावावं तर तो कधी रुंद होईल सांगता येत नाही. म्हणजे नको असं कुणीच म्हणत नाही, फक्त "आमच्याकडे नको".

महाराष्ट्रात झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आला आणि असं झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावायची अट आली. हेतू चांगलाच आहे. पण हा हिशेब मला मेथीचा वाटतो. मेथीची जुडी उपटली आणि तिथेच दाणे टाकले, तर महिन्यात फिटंफाट होते. शंभर वर्षांच्या वडाबदली शंभर रोपं लावली, तरी उद्या दुपारी त्या वळणावर थांबणाऱ्याला सावली मिळत नाही. शिवाय त्या शंभरांपैकी प्रत्येकाला पुढे वडाएवढी जागा कुणी द्यायची?

२०२० साली सांगली जिल्ह्यातल्या भोसे इथे सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड महामार्गाच्या आखणीत आला होता. लोक त्याच्यासाठी उभे राहिले आणि आखणी बदलली गेली. तिथे त्या मालक नसलेल्या झाडाच्या वतीने नाराजी सांगायला माणसं होती, एवढंच मला दिसतं. मेथीला एक घर पुरतं. वडाला गाव लागतं.

असो. रोप सध्या हातभर झालंय, डबा लहान पडायला लागलाय. काकांचा परवा फोन आला होता. गावच्या शाळेमागे थोडी पडीक जागा आहे, ग्रामपंचायतीत विचारून बघतो म्हणाले. "पण पहिली दोन वर्षं पाणी कोण घालणार?" हेही त्यांनीच विचारलं. शाळेतली मुलं घालतील का, ते मुख्याध्यापकांना विचारायचं ठरलंय. पावसाळ्याआधी उत्तर यायला हवं.

तोवर ट्रेमध्ये मेथीचे दाणे पुन्हा टाकलेत.