रंगभूमि आणि पदार्थसंग्रहालय

इ. स. १८५३ च्या मार्च महिन्यांत मुंबईस ग्रँट रोडवरील नाट्यगृहांत विष्णुदास भावे यांच्या सांगलीकर मंडळीचे खेळ झाले, ही गोष्ट मराठी रंगभूमीच्या प्रत्येक इतिहासांत सांपडते. त्यानंतर चारपांच वर्षांच्या आंतच त्याच शहरांत पहिलें पदार्थसंग्रहालय उघडलें. ती गोष्ट दुसऱ्या एका इतिहासांत सांपडते. या दोन्ही ग्रंथांतून तींच नांवें पुन्हां पुन्हां येतात, हें मात्र फारसें कोणी एकत्र मांडीत नाहीं. नाना शंकरशेट आणि डॉक्टर भाऊ दाजी लाड हीं तीं नांवें होत.

ग्रँट रोडचें नाट्यगृह १८४६ सालीं नाना शंकरशेट यांनीं दिलेल्या जागेवर उभें राहिलें. तेथें प्रथम रमावयाचे ते इंग्रज. भाव्यांनीं १८४३ सालीं सांगलींत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाखालीं सीतास्वयंवराचा प्रयोग केला होता. परंतु १८५१ सालीं अप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय संपला. पोटापाण्यासाठीं मंडळी बाहेर पडली. मुंबईंत त्यांस हात देणाऱ्या सुशिक्षित नागरिकांत भाऊ दाजी अग्रभागीं होते. भाऊ म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजांतून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकीं एक. दिवसां रोग्यांची नाडी पाहावी, उरल्या वेळांत शिलालेख वाचावे, जुनीं नाणीं जमवावीं, कालिदासाच्या कालनिर्णयावर निबंध लिहावा आणि रात्रीं नाटकास हजर राहावें, असा त्यांचा क्रम. आजच्या दृष्टीनें हे चार निरनिराळे व्यवसाय होतात. त्यांच्या दृष्टीनें तें एकच काम होतें.

भाव्यांच्या नाटकाची घडण येथें लक्षांत घेण्यासारखी आहे. सूत्रधार रंगभूमीवर शेवटपर्यंत उभा असे. कथेचा धागा तो पदांतून गाई, आणि पात्रें त्या त्या प्रसंगाचीं भाषणें आयत्या वेळीं आपल्या शब्दांत करीत. म्हणजे एकजण समजावून सांगणारा आणि बाकीचे करून दाखविणारे. पदार्थसंग्रहालयांत नाट्यप्रयोग कसा करावा, यावर पश्चिमेकडे अलीकडे पुष्कळ लिहिलें गेलें आहे. त्यांत वर्णिलेल्या एका रीतीचें रूप याहून फारसें वेगळें नाहीं.

संग्रहालयाचा जन्म मात्र सुखाचा झाला नाहीं. १८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनासाठीं जमविलेल्या मालाच्या निमित्तानें मुंबईंत एक कायम संग्रह असावा, ही कल्पना रुजली आणि किल्ल्यांतील टाउन बराकींत तो मांडण्यांत आला. इतक्यांत १८५७ चा उठाव झाला. लष्करास बराकी हव्या होत्या. संग्रह तेथून हलविला गेला आणि त्याची वाताहत झाली. पुढच्याच वर्षीं डॉक्टर जॉर्ज बर्डवुड यांनीं कारभार हातीं घेतला. नाना शंकरशेट समितीचे अध्यक्ष झाले, बर्डवुड आणि भाऊ दाजी चिटणीस झाले, आणि वर्गणी गोळा होऊं लागली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनीं भायखळ्यास इमारतीची कोनशिला बसविली.

त्या वेळीं मुंबईंत कापसाच्या पैशाचा पूर आला होता. १८६५ सालीं तो ओसरला, शेअरबाजार कोसळला आणि वर्गणीदारच बुडाले. खुद्द भाऊ दाजी कर्जबाजारी झाले. नाना शंकरशेट त्याच सालीं वारले. अर्धवट भिंती उभ्या राहिल्या आणि अखेर सरकारास पैसा घालावा लागला. २ मे १८७२ रोजीं संग्रहालय लोकांस खुलें झालें. त्यानंतर दोन वर्षांनीं, ३१ मे १८७४ रोजीं, भाऊ दाजींचें निधन झालें.

त्यांच्या पश्चात् या दोन संस्थांच्या वाटा फुटल्या. रंगभूमीस आपलें घर स्वतः बांधावें लागलें. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्यानें सरकारच्या हातीं बंदीचें शस्त्र आलें होतें. नाटकमंडळ्या एकमेकींस पाण्यांत पाहात. एकीचा नट दुसरीनें फोडावा, हें नित्याचेंच. अशा मंडळ्यांचे चालक, नट, लेखक आणि रसिक १९०५ सालीं मुंबईस दादासाहेब खापर्डे यांच्या अध्यक्षतेखालीं पहिल्या नाट्यसंमेलनास एकत्र बसले, हें सोपें काम नव्हतें. मांडवांत भाषणें फार होतात, ही त्या संमेलनांवरील जुनी टीका आहे आणि ती अगदीं खोटी नाहीं. परंतु मांडवाबाहेर ओळखी होतात, हें टीकाकार विसरतात. ८ जुलै १९२१ रोजीं टिळक स्वराज्य फंडासाठीं गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनीं मिळून "संयुक्त मानापमान" केला. बालगंधर्व आणि केशवराव भोंसले एका रंगमंचावर उभे राहिले. तीनच महिन्यांनीं केशवराव गेले. तो योग लांबणीवर पडता तर कायमचा हुकला असता.

संग्रहालयवाल्यांनींही आपला संघ केला. भारतीय संग्रहालय संघ १९४४ सालीं स्थापन झाला. नटांचा संघ एका अंगास, संग्रहपालांचा दुसऱ्या अंगास, आणि ज्याचा एक पाय रंगमंचावर व दुसरा दालनांत आहे त्यास कोठेंच जागा नाहीं, अशी स्थिति जगभर होती. ती प्रथम मोडली अमेरिकेंत. बोस्टन येथील विज्ञान-संग्रहालयांत नाट्यप्रयोग करणाऱ्या कॅथरीन ह्यूज यांनीं १९९० सालीं अशा लोकांचा एक आंतरराष्ट्रीय संघ उभारला. एकेका संग्रहालयांत दोघेचौघे नट एकाकी काम करीत असत; पलीकडच्या शहरांत दुसरा कोणी तेंच करीत आहे, याची त्यांस वार्ताही नसे.

असा संघ कशास हवा, याचें उत्तर दालनांतच मिळतें. संग्रहपालास वाटतें, वस्तु जागची हलूं नये. नटास ती हातीं घेतल्यावांचून बोलणें सुचत नाहीं. संग्रहपाल म्हणतो, पुराव्यांत नाहीं तें वाक्य उच्चारूं नका. नट म्हणतो, केवळ पुराव्यांतलीं वाक्यें उच्चारलीं तर ऐकणारा पुढच्या दालनांत निघून जाईल. दोघांचेंही म्हणणें खरें आहे. मग संहिता कोणी तपासावी, प्रतिकृति कोणी करून द्यावी, दिवसांतून चार वेळां तोच पंधरा मिनिटांचा प्रवेश करणाऱ्या नटास वेतन रोजावर द्यावें कीं प्रयोगावर, हे प्रश्न प्रत्येक गांवीं नव्यानें सोडविण्यांत शक्ति वायां जाते. शिवाय एक नाजुक बाब आहे. जिवंत माणसाच्या तोंडीं घातलेलें असत्य पाटीवरील चुकीपेक्षां फार खोल रुजतें. मराठी प्रेक्षकाचें इतिहासाचें ज्ञान बखरीपेक्षां ऐतिहासिक नाटकांतूनच अधिक आलें आहे, तेव्हां हा धोका त्यास निराळा सांगावयास नको.

महाराष्ट्रांत या कामास दालनेंच पाहिजेत असेंही नाहीं. मिरा-भाईंदरचेंच उदाहरण घ्यावें. या शहरास महानगरपालिका २००२ सालीं मिळाली. वस्ती बहुतेक नवी, इमारती नव्या. परंतु त्याच्या हद्दींत घोडबंदरचा पोर्तुगीजकालीन किल्ला आहे आणि उत्तनच्या बाजूस समुद्राकडे तोंड करून धारावीचा किल्ला आहे. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेंत हे दोन्ही मराठ्यांनीं घेतले. वसईच्या वेढ्यांत खाडीचें तोंड धरून ठेवण्यास धारावीचें महत्त्व किती, हें नकाशावर बोट ठेवून सांगतां येतें. पण भरतीओहोटीच्या हिशेबानें वागणारा एखादा तांडेल तेथें उभा राहून बोलूं लागला, तर शाळेंतील मुलास तें घटकेंत उमजेल. त्यासाठीं तांडेलाची भाषा जाणणारा नट आणि पोर्तुगीज कागद जाणणारा अभ्यासक यांची गांठ कोणीतरी घालून द्यावी लागेल.

भाईंदरवरून जाणारा लोहमार्ग वसईची खाडी ओलांडून १८६४ सालीं ग्रँट रोडपर्यंत पोंचला. स्टेशनाचें नांव तेंच राहिलें आहे. भायखळ्याच्या संग्रहालयास १ नोव्हेंबर १९७५ रोजीं भाऊ दाजींचें नांव देण्यांत आलें. २००३ पासून पांच वर्षें त्याची डागडुजी चालली आणि २००८ सालीं तें पुन्हां उघडलें. ज्या नाट्यगृहांत सांगलीकरांचे खेळ झाले, तें मात्र आज उभें नाहीं.