फवारणीचा पंप आणि हेगचे निरीक्षक

किल्ले धारूरकडे पावसाळ्यात गेलात, तर कापसाच्या रानात पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारी माणसं दिसतात. पंपात बऱ्याचदा क्लोरपायरीफॉस नाहीतर प्रोफेनोफॉस असतं. ही औषधं म्हणजे सरीन आणि टाबून या विषारी वायूंची भावकी! 1936 मध्ये गेरहार्ड श्राडर जर्मनीत कीटकनाशक शोधत होता, हाती लागलं टाबून. दोन्ही विषं शरीरातलं एकच एन्झाइम बंद पाडतात आणि दोन्हींवर अ‍ॅट्रोपिनच देतात.

मग बंदी घालायची तरी कशावर? 1997 साली लागू झालेल्या रासायनिक शस्त्रबंदी करारानं उत्तर दिलं: रसायन कशासाठी बनवलंय, त्यावर. आता उद्देश काही पिंपावर लिहिलेला नसतो. म्हणून कारखान्यांनी ठरावीक रसायनांचा हिशेब दरवर्षी द्यायचा आणि हेगच्या ओपीसीडब्ल्यू या संस्थेचे निरीक्षक येऊन तो ताडून बघणार. आपल्या भाषेत सांगायचं तर ऑडिट ट्रेल.

यात आपणही सापडलो बरं का. 1992 मध्ये भारत आणि पाकिस्ताननं संयुक्त जाहीरनाम्यात आपल्याकडे अशी शस्त्रं नाहीत असं म्हटलं होतं. 1997 मध्ये मात्र भारतानं मस्टर्ड गॅसचा साठा जाहीर केला, 1,044 टन! तो निरीक्षकांच्या देखरेखीखाली 2009 पर्यंत नष्ट केला. उशिरा का होईना, खरं सांगितलं आणि निस्तरलंही.

साठ्याचा हिशेब लागतो, माणसांचा लागतो का? फ्रान्स व्हॅन अनराट हा डच व्यापारी. त्यानं सद्दामच्या इराकला थायोडायग्लायकॉल विकलं. कापडाच्या रंगकामात चालणारं हे रसायन, पण त्यातून मस्टर्ड गॅसही बनतो. 1988 मध्ये हलब्जा गावात विषारी वायूंनी सुमारे 5,000 माणसं मारली. कुणी, कुणाला, किती माल विकला हे 17 वर्षांनीसुद्धा कोर्टात सिद्ध करता आलं आणि 2005 मध्ये व्हॅन अनराटला युद्धगुन्ह्यांत साथ दिल्याबद्दल शिक्षा झाली.

उलट सीरियात 2013 साली घूटावर सरीन पडलं, शेकडो लोक मेले, आणि असद 2024 मध्ये मॉस्कोला निघून गेला. व्यापारी तुरुंगात गेला, राज्यकर्ता बाहेर. हे बघून करार फोल वाटतो खरा. पण नोंदच नसती, तर तो व्यापारीसुद्धा सुटला असता. नोंदी ठेवणं कंटाळवाणं काम आहे, पण उद्या खटला उभा राहिलाच तर तो त्यांच्याच जोरावर.