गाडी लहान का झाली?

औंढ्यात बसून अमेरिकेच्या मोटारींवर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. म्हणून आपण सुरुवात मुंबईपासून करू.

सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ या अवाढव्य अमेरिकी गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे तिथेच इटलीची फियाट ११०० आली. इंजिन जेमतेम १०८९ सीसीचं. हळूहळू मुंबईच्या टॅक्सीतून डॉज गेली आणि फियाट राहिली. तीच पुढे पद्मिनी झाली. परकीय चलन तुटपुंजं, तेल बाहेरून आणायचं; आपल्याला ऐपतीनेच मोजकं राहायला शिकवलं.

अमेरिकेवर ती वेळ ऑक्टोबर १९७३ मध्ये आली. अरब देशांनी तेल रोखलं. पिंपाचा भाव काही महिन्यांत ३ डॉलरवरून १२ डॉलरच्या घरात गेला. १९७५ मध्ये कायदा झाला: प्रत्येक कंपनीच्या नव्या मोटारींची सरासरी १९७८ पर्यंत लिटरला साडेसात किलोमीटर आणि १९८५ पर्यंत पावणेबारा किलोमीटरच्या आसपास हवी. जनरल मोटर्सने १९७७ च्या मॉडेलपासून मोठ्या गाड्यांना कात्री लावली. शेव्हरोलेची कॅप्रिस सुमारे २५ सेंटीमीटरने आखूड आणि ३०० किलोने हलकी झाली. गंमत अशी, की आत डोक्यावरची जागा वाढली, डिकीही वाढली. लोकांनी ती आनंदाने विकत घेतली. मग आधीचं ते जादा लोखंड कुणासाठी होतं? आत बसणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. ते रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी होतं.

आपण म्हणू, चला, माणूस शहाणा झाला. पण तसं झालं नाही. त्या कायद्यात पिकअपसारख्या वाहनांना सवलतीची मोजपट्टी होती. १९८६ मध्ये तेल स्वस्त झालं आणि लोक त्याच दाराने पुन्हा मोठ्या गाड्यांकडे वळले. आजची एसयूव्ही त्याच वाटेने आली.

आपलंही वेगळं नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता गावोगावी माणसाची किंमत गाडीच्या उंचीवरून ठरते. ऐपतीने शिकवलेलं ऐपत वाढताच आपण विसरलो.

नागनाथाच्या गाभाऱ्यात उतरताना मोठ्यातला मोठा माणूसही वाकतो, अंग चोरतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. बाहेर येऊन गाडीत बसताना ते आपल्याला का आठवत नाही, एवढा विचार आपण घरी घेऊन जाऊ.