ठिणगीची वेळ : येझदीच्या सीबी पॉइंटपासून सीडीआयपर्यंत

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि भिलाईचा कारभार भोपाळहून चालू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या कामगारांसाठी जी वसाहत उभी राहिली, तिच्या भागांना नावे नव्हे, क्रमांक मिळाले. सेक्टर २ हा त्यांपैकी एक.

तीन पाळ्यांत चालणाऱ्या अशा पोलादनगरांत पुढे सायकलींच्या जोडीला ज्या मोटारसायकली आल्या, त्यांचा वंशही कारखान्यासारखाच पूर्व युरोपातला होता, हा योगायोग सहसा लक्षात घेतला जात नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनू लागल्या. १९७० च्या दशकात त्याच घराण्याला येझदी हे नाव मिळाले. फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌सने १९६२ मध्ये पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत आणली. पोलाद सोव्हिएत, जावा चेक, राजदूत पोलिश. त्या काळच्या भारताचे औद्योगिक परराष्ट्र धोरण एखाद्या क्वार्टरच्या अंगणातही वाचता आले असते.

या दोन्ही गाड्या टू-स्ट्रोक, आणि दोन्हींचे आरोग्य एका बारीकशा गोष्टीवर अवलंबून होते. प्लगमध्ये ठिणगी नेमकी केव्हा पडते, ही ती गोष्ट.

पिस्टन वर चढत असतो, हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जात असते. पिस्टन माथ्यावर पोहोचल्यावर ठिणगी पाडावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु ज्वाळेला मिश्रणभर पसरायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते. हा वेळ किती अल्प आहे ते पाहण्यासारखे आहे. मिनिटाला ६००० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला १०० फेऱ्या, म्हणजेच सेकंदाला ३६,००० अंश. एका मिलिसेकंदात क्रँक ३६ अंश फिरून जातो. २५० सीसीच्या जुन्या जावाचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर. पिस्टन माथ्यापासून सुमारे ३ मिलिमीटर खाली असताना तिची ठिणगी पडावी अशी अपेक्षा असते. क्रँकच्या भाषेत हे अंतर सुमारे २० अंश भरते. त्या ठिकाणी पाव मिलिमीटरची चूक म्हणजे जवळजवळ एका अंशाची चूक.

ठिणगी फार लवकर पडली, तर दाब पिस्टन चढत असतानाच शिगेला पोहोचतो. किक उलटी मारते, घोट्याला इजा होते, इंजिन ठणठणते आणि अती झाल्यास पिस्टनच्या माथ्याला भोक पडते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूला ते तापमान सोसत नाही. उशिरा पडली, तर जळण्याचे काम सायलेन्सरच्या नळीपर्यंत रेंगाळते; नळी निळी पडते, गाडी तापते, ओढ कमी होते. दुसरा दोष अधिक फसवा, कारण तो आवाज करीत नाही.

ही वेळ सांभाळण्याचे काम अर्धशतकाहून अधिक काळ दोन छोट्या धातूच्या टोकांकडे होते. बॉशच्या कंपनीत गॉटलोब होनोल्ड यांनी १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला, तर १९१० च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांची जोडणी मोटारीसाठी रूढ केली. तत्त्व सोपे आहे. पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र साठते. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उभे राहतात. म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण. मेकॅनिक ज्याला सीबी पॉइंट म्हणतात तो हाच, आणि त्याच्या शेजारचा कंडेन्सर पॉइंटवरची ठिणगी दाबून ती प्लगकडे वळवतो.

या व्यवस्थेत एक अंगभूत दुर्बलता होती. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजते, तशी पॉइंटमधली फट कमी होत जाते आणि पॉइंट उशिरा उघडतो. म्हणजे गाडी जसजशी चालेल, तसतशी तिची ठिणगी आपोआप मागे पडते. ०.४ मिलिमीटरच्या आसपासची ती फट पत्तीने मोजणे, पॉइंट पॉलिश कागदाने साफ करणे, चाक हाताने फिरवून लहान दिवा नेमका कोणत्या खुणेवर लागतो किंवा विझतो ते पाहणे, हे सारे गाडीवाल्याच्या नित्यकर्मात मोडत असे. १९८० च्या दशकात आलेल्या दोन सिलिंडरांच्या राजदूत ३५० मध्ये तर पॉइंटचे दोन संच होते आणि प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग वेगळे बसवावे लागे. पोलाद कारखान्यातल्या फिटरला या कामाचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. डायल गेज त्याच्या हातातलेच हत्यार होते.

झिजणारा भाग काढून टाकण्याचा विचार मात्र फार जुना आहे. निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये घेतलेल्या एका पेटंटात कंडेन्सरमध्ये साठवलेला विद्युत्भार एकदम सोडून ठिणगी पाडण्याची कल्पना आहे. तिला व्यवहार्य करणारा स्विच यायला साठ वर्षे जावी लागली. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर आणला आणि त्यानंतर दशकभराने तो मोटारसायकलीत शिरला. १९६९ ची कावासाकी एच१ ही सीडीआय घेऊन आलेल्या सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. भारतात ही व्यवस्था सर्वसामान्यांच्या हाती आली ती १९८० च्या दशकातील जपानी सहकार्याच्या शंभर सीसी गाड्यांबरोबर. १९८५ ची यामाहा आरएक्स १०० हे त्यांतले सर्वांत लाडके नाव. येझदीनेही आपल्या अखेरच्या वर्षांत काही गाड्यांना सीडीआय दिले, पण १९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला.

सीडीआयमध्ये मॅग्नेटची एक कॉइल कंडेन्सरला दोन-तीनशे व्होल्टपर्यंत भारते. फिरत्या रोटरवरची खूण पिकअप कॉइलसमोरून गेली की लहानसा स्पंद निघतो, थायरिस्टर उघडतो आणि सारा भार क्षणात इग्निशन कॉइलमध्ये ओतला जातो. १ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३०० व्होल्टला भरला, तर त्यात ४५ मिलिजूल ऊर्जा असते. आकडा क्षुल्लक दिसतो, परंतु ठिणगीला तो पुरून उरतो. यात घासणारे काहीच नाही, म्हणून झीज नाही आणि झिजेबरोबर सरकणारे टायमिंगही नाही.

येथूनच एक गैरसमज रुजला. ‘इलेक्ट्रॉनिक आहे, टायमिंग पाहावे लागत नाही’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाबतीत निम्मेच खरे आहे. टायमिंग सरकत नाही हे ठीक. पण ते मुळात बसवलेले असावे लागते. पिकअप ज्या स्टेटर प्लेटवर असतो तिला लांबट भोके असतात. स्क्रू ढिले झाले, प्लेट काढून परत लावली किंवा रोटरची चंद्रकोरी चावी तुटली, तर इलेक्ट्रॉनिक्स निर्दोष असूनही ठिणगी चुकीच्या क्षणी, तीही प्रत्येक फेरीत तेवढ्याच अचूकपणे चुकीच्या क्षणी, पडत राहते. आज अनेक जण जुन्या जावा-येझदीचा डायनॅमो आणि पॉइंट काढून चेक प्रजासत्ताकातील व्हेप कंपनीचे संच बसवतात. त्यांच्यासाठी ही बाब पुस्तकी नाही. पिस्टन वाचणार की नाही, हे तिच्यावर ठरते.

पद्धत शांतपणे करण्याची आहे. प्लग काढून त्या जागी डायल गेज बसवावे आणि क्रँक पुढे-मागे हलवून पिस्टनचा माथा निश्चित करावा. तेथे सुई क्षणभर थबकते. मग क्रँक उलटा फिरवून पिस्टन इष्ट अंतराहून थोडा अधिक खाली न्यावा आणि इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने पुन्हा वर आणीत त्या आकड्यावर थांबवावा, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा मापात शिरत नाही. या स्थितीत रोटरची खूण आणि प्लेटची खूण जुळवून स्क्रू आवळावेत. इष्ट आकडा त्या इंजिनाचा आणि त्या संचाचा असावा, शेजाऱ्याच्या गाडीचा नव्हे. जुनी दिव्याची चाचणी येथे निरुपयोगी ठरते, कारण उघडणारा पॉइंटच नाही. स्पंद फिरण्यातूनच जन्मतो. म्हणून शेवटची खात्री इंजिन चालू ठेवून टायमिंग लाइटने करावी लागते. प्रत्येक ठिणगीसरशी दिवा लखलखतो आणि फिरती खूण जागीच उभी दिसते. ठिणगी तपासताना प्लगची वायर मोकळी लोंबकळत ठेवून किक मारू नये. प्लग टोपीत घालून इंजिनाला टेकवावा. वाट न मिळालेला उच्च दाब सीडीआयलाच इजा करू शकतो, आणि झटका बसतो तो वेगळाच.

कारखान्यातल्या जुन्या माणसांना या उभ्या दिसणाऱ्या खुणेचे दुसरे रूपही ठाऊक असते. जुन्या चोकची ट्यूबलाइट ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. तिच्या उजेडात मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरणारे यंत्र स्थिर असल्याचा भास होऊ शकतो. लेथच्या खोल्यांत शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर लावतात ते याचसाठी.

पॉइंट घासून, कंडेन्सर बदलून गाडी रस्त्यात चालू करता येत असे. सीडीआयचा डबा इपॉक्सीत ओतलेला असतो. तो बिघडला की उघडून पाहण्यासारखे काही उरत नाही, बदलणे एवढाच उपाय. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे परत आली. या नव्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक प्रत्येक क्षणी ठरवतो, आणि ती हाताने सरकवण्यासाठी प्लेटही नाही, स्क्रूही नाही.