बेसबॉलला अपवाद म्हणू नका

बेसबॉलपटू रायन फ्रील 22 डिसेंबर 2012 रोजी फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे वारला. वय 36. त्याने आत्महत्या केली होती. वर्षभराने, डिसेंबर 2013 मध्ये, बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या तपासणीचा निष्कर्ष जाहीर झाला. फ्रीलच्या मेंदूत क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सिफॅलोपथी, म्हणजे सीटीई, हा डोक्याला वारंवार बसणाऱ्या माराशी जोडला जाणारा आजार दुसऱ्या अवस्थेपर्यंत पोचला होता. मेजर लीग बेसबॉल खेळलेल्या माणसाच्या मेंदूत हा आजार सापडण्याची ती पहिलीच वेळ.

त्यावर जे मत रूढ झालं, ते आजही जाणत्या क्रीडारसिकांकडून ऐकू येतं. बेसबॉल हा काही अंगावर धावून जाण्याचा खेळ नव्हे. मेंदूचे हे आजार बॉक्सरांचे आणि अमेरिकन फुटबॉलपटूंचे. फ्रील स्वभावानेच बेफाम होता, कुंपणावर जाऊन आदळायचा, म्हणून त्याच्या वाट्याला हे आलं. एका माणसावरून अख्ख्या खेळाला दोषी धरू नये. या मतात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत खेळाडू मोजतात.

पूर्वपक्षाचं जे खरं आहे ते आधी मान्य करू. सीटीईमुळेच फ्रीलने जीव दिला, असं छातीठोकपणे म्हणणं शास्त्राला धरून नाही. आत्महत्येमागे एकच एक कारण क्वचितच असतं. सीटीईची खूण म्हणून मेंदूत साचलेलं टाउ प्रथिन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. त्या माणसाच्या मनात अखेरच्या दिवसांत काय चाललं होतं, ते दिसत नाही. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग खेळलेल्या 111 जणांपैकी 110 जणांच्या मेंदूत सीटीई सापडल्याचा 2017 मधला निष्कर्ष जगभर गाजला. पण मेंदू दान करणाऱ्या अनेक कुटुंबांना आधीच शंका होती, त्यामुळे त्यावरून सरसकट प्रमाण काढता येत नाही, हे त्या संशोधकांनीही मान्य केलं आहे.

मात्र हीच सावधगिरी दुसऱ्या बाजूलाही लागू करायला हवी. सीटीईचं खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं. कुटुंबाने मेंदू दिला, प्रयोगशाळेत त्याचे छेद घेतले, तरच कळतं. फुटबॉलपटूंचे मेंदू शेकड्यांनी तपासले गेले, बेसबॉलपटूंचे अगदी मोजके. शोधच घेतला नाही तिथे आजार नाही, असं कुठल्या न्यायाने म्हणायचं?

आता ‘बिनधक्क्याचा खेळ’ हे बिरुद तपासू. 16 ऑगस्ट 1920 रोजी न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर कार्ल मेजने टाकलेला चेंडू रे चॅपमनच्या डोक्याला लागला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. एवढं होऊनही फलंदाजाला हेल्मेट सक्तीचं व्हायला 1971 साल उजाडलं. हेल्मेट आलं म्हणजे प्रश्न मिटला, हाही एक भ्रम. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं. कवटीच्या आत हिंदकळणारा मेंदू त्याला धरून ठेवता येत नाही. आणि क्षेत्ररक्षकाच्या डोक्यावर तर नुसती टोपी असते. 2006 मध्ये कोरी कॉस्की उंच उडालेल्या चेंडूमागे धावताना पाठीवर पडला आणि मेंदूला हादरा बसला. कुणी त्याला धडकलं नव्हतं. तो पुन्हा मेजर लीगचा सामना खेळला नाही. कॅचर माइक मॅथेनीच्या मास्कवर फाउल चेंडू पुन्हा पुन्हा येऊन आदळले आणि 2007 च्या सुरुवातीला त्याला निवृत्त व्हावं लागलं. यातला कुणीही बेफाम म्हणून ओळखला जात नव्हता.

फ्रीलचंच पाहा. 28 मे 2007 ला सिनसिनाटीत तो आणि त्याचा सहकारी नॉरिस हॉपर एकाच चेंडूवर नजर लावून दोन दिशांनी धावत आले आणि एकमेकांवर आदळले. फ्रीलला स्ट्रेचरवरून अँब्युलन्समध्ये न्यावं लागलं. महिनाभराहून अधिक काळ तो बाहेर होता. 2009 च्या एप्रिलमध्ये बॉस्टनला दुसऱ्या बेसकडे परत झेपावताना त्याला बाद करण्यासाठी फेकलेला चेंडू डोक्यात बसला. आपल्याला नऊ-दहा कन्कशन (हादऱ्याने मेंदूला होणारी इजा) झाल्याचं तो स्वतः सांगायचा. यातल्या कोणत्या प्रसंगात वेडं साहस होतं? चेंडूमागे धावणं आणि बेसवर परतणं हेच तर त्याचं काम.

स्वभावाचा मुद्दा मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. फ्रील एका जागेवरचा हक्काचा खेळाडू नव्हता. आज दुसरा बेस, उद्या तिसरा, परवा आउटफिल्ड. अशा माणसाची संघातली जागा टिकते ती झोकून देण्यावरच. त्या झोकून देण्याला प्रेक्षकांनी टाळ्या दिल्या, संघाने करार दिला. आणि परिणाम दिसल्यावर तोच गुण त्याचा दोष ठरला. डोकं दुखतंय असं सांगून बाकावर बसणाऱ्याची जागा दुसरा घेतो, हे प्रत्येक खेळाडू जाणतो. मग तो सांगेल कशाला?

नियमही उशिराच आले. मेजर लीगने कन्कशन झालेल्या खेळाडूंसाठी सात दिवसांची स्वतंत्र दुखापत-यादी सुरू केली ती 2011 मध्ये. फ्रीलचा शेवटचा मेजर लीग हंगाम 2009 चा. होम प्लेटवरच्या धडकांना आळा घालणारा नियम 2014 मध्ये आला, आणि त्याची चर्चा पेटली होती ती 2011 मध्ये अशाच धडकेत कॅचर बस्टर पोझीचा पाय मोडल्यामुळे, कुणाच्या डोक्याला लागलं म्हणून नव्हे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांतली मुलंही लिटल लीग खेळतात. त्यांच्या आई-वडिलांना कळकळीने सांगणं आहे: डोक्याला मार लागल्यावर मुलगा ‘आता बरं वाटतंय’ म्हणाला तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानावर पाठवू नका, आणि पुढेही डॉक्टरांनी तपासून परवानगी दिल्याशिवाय पाठवू नका. हा खेळ बेसबॉल आहे म्हणून यात सूट घेऊ नका.